निष्कर्ष: नकारार्थी

सत्र न्यायालयाच्या निकालपत्रात सुरुवातीची दोन-तीन पानं झाली की एक चौकट येते. डाव्या रकान्यात 'मुद्दे', उजव्या रकान्यात 'निष्कर्ष'. डावीकडे लांबलचक वाक्य असतं. अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक ठिकाणी आरोपीने पीडितेवर तिच्या इच्छेविरुद्ध व संमतीवाचून बलात्कार केला, हे सरकार पक्ष वाजवी संशयापलीकडे सिद्ध करतो काय? उजवीकडे एकच शब्द. होकारार्थी, नाहीतर नकारार्थी.

मी एकतीस वर्षं विदर्भातल्या वेगवेगळ्या न्यायालयांत लघुलेखक होते. शेवटची चौदा वर्षं सत्र न्यायालयात काढली. 'नकारार्थी' हा शब्द मी इतक्यांदा टाइप केला आहे की तो माझ्या बोटांना डोक्याआधी सुचतो.

गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. तिच्या ओळखीतल्या कुणाची तरी केस होती, निकाल लागला, पेपरात आलं: 'सबळ पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता'. ती म्हणाली, "मावशी, निर्दोष सुटला म्हणजे बाईने खोटी केस केली होती ना?" शिकलेली, नोकरी करणारी मुलगी. कुजकेपणाने विचारत नव्हती, खरंच विचारत होती. फोनवर मी काहीतरी तुटक बोलले आणि रात्रभर मला ते बोचत राहिलं. म्हणून आता नीट लिहिते आहे.

१८७२ चा भारतीय पुरावा अधिनियम मी नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा उघडला तेव्हा कलम ३ मध्ये अडकले होते. तिथे दोन नाही, तीन शब्दांच्या व्याख्या आहेत. शाबीत. नाशाबीत. आणि 'शाबीत न झालेले'. एखादी गोष्ट आहे असं न्यायालयाला पुराव्यावरून वाटलं, तर ती शाबीत. ती नाहीच असं वाटलं, तर नाशाबीत. आणि धड आहे असंही म्हणता येत नाही, धड नाही असंही म्हणता येत नाही, तेव्हा ती शाबीत न झालेली. १ जुलै २०२४ पासून तो कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण हे तीन कप्पे तसेच राहिले. दीडशे वर्षं कायद्याने तिसरा कप्पा सांभाळून ठेवला आहे. आपण बाहेर मात्र दोनच कप्पे मानतो. शिक्षा झाली तर ती खरी, सुटला तर ती खोटी.

यात आपल्या भाषेचाही हात आहे असं मला वाटतं. सुटकेला आपण 'निर्दोष मुक्तता' म्हणतो. हा शब्द न्यायालयातून पेपरात गेला, पेपरातून पारावर. इंग्रजीतल्या शब्दात फक्त सुटका आहे, आपल्या शब्दात 'निर्दोष' आधीच येऊन बसला आहे. आता, आरोपी कायद्याने निर्दोष आहे हे बरोबरच आहे. दोष सिद्ध होईपर्यंत तो निर्दोष, आणि सिद्ध झाला नाही तर तो निर्दोषच राहिला. त्याला गावात मान वर करून फिरायचा हक्क आहे आणि तो कुणी काढून घेऊ नये, असं मी मनापासून मानते. शंभर अपराधी सुटले तरी चालतील पण एका निरपराधाला शिक्षा होता कामा नये, हे वाक्य मी वकिलांच्या तोंडून ऐकून ऐकून कंटाळले नाही, कारण मी निरपराध माणसंही त्या पिंजऱ्यात पाहिली आहेत. पण तो निर्दोष आहे, यातून ती लबाड आहे असं निघत नाही. ती खोटं बोलली असं न्यायालयाला वाटलं तर त्यासाठी वेगळी वाट आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम ३४०. खोटी साक्ष दिल्याबद्दल चौकशी करून तक्रार करता येते. बलात्काराच्या खटल्यात असा आदेश माझ्या हातून चौदा वर्षांत एकदा टाइप झाला. एकदाच. नकारार्थी निष्कर्ष मात्र मोजायच्या पलीकडे.

आता मी ज्या खटल्याबद्दल सांगणार आहे, त्यातले ओळख पटेल असे सगळे तपशील मी बदलले आहेत. साक्ष बंद दाराआड झाली होती, आणि ते दार मी उघडणार नाही. जे सांगते आहे ते दाराच्या अलीकडचं, आणि कामाच्या पद्धतीबद्दलचं.

मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची. शिवणक्लासला जायची. घटना २०११ ची, साक्षीला उभी राहिली तेव्हा २०१७ उजाडलं होतं. मधल्या काळात लग्न झालं होतं, मूल झालं होतं. आई बाहेर बाकावर त्या पोराला मांडीवर घेऊन बसली होती, आणि आत नवऱ्याला येऊ द्यायचं की नाही यावर आधी पाच मिनिटं गेली. तिनेच नको म्हणून मान हलवली.

अशा खटल्याची सुनावणी आरोपपत्र दाखल झाल्यापासून दोन महिन्यांत संपवावी असं आता कायद्यात लिहिलं आहे. पण तेव्हाही 'लवकर' हा शब्द होताच. सहा वर्षांत काय होतं ते मी कागदांवर पाहिलं आहे. तपास अधिकारी निवृत्त झालेला असतो आणि केस डायरीत पाहिल्याशिवाय त्याला गावाचं नावही आठवत नाही. तपासणी करणारी डॉक्टर शिकाऊ म्हणून आलेली असते आणि आता दुसऱ्याच राज्यात असते. मुद्देमालाच्या पुड्यावरची लाख तडकलेली असते.

मुलीने फिर्याद तिसऱ्या दिवशी दिली होती. उशिराचं कारण साहेबांनी, म्हणजे न्यायाधीशांनी, मान्य केलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध गुरमीत सिंग या खटल्यात सांगून ठेवलं आहे की अशा तक्रारीत उशीर होणं स्वाभाविक असतं, घरच्यांना इभ्रतीचा विचार पडतो. त्याच निकालात असंही आहे की बाईची साक्ष विश्वासार्ह असेल तर तिला दुसऱ्या पुराव्याची जोड लागत नाही. जखमी साक्षीदाराचा शब्द आपण मानतो, मग हिचा का नाही. त्याच्याही आधी, १९८३ मध्ये, गुजरातच्या भरवाडा खटल्यात न्यायालय म्हणालं होतं की जोडपुरावा नाही म्हणून तिच्यावर विश्वास न ठेवणं म्हणजे जखमेवर अपमानाची भर घालणं.

म्हणजे कायदा तिच्या बाजूने उभा आहे असं वाटतं ना? मग आरोपीचे वकील उठतात आणि २०१२ चा राय संदीप निकाल पुढे करतात. एकट्या साक्षीवर शिक्षा द्यायची तर साक्षीदार 'स्टर्लिंग' हवा. पहिल्या जबाबापासून शेवटच्या शब्दापर्यंत एकसारखा, उलटतपासणी कितीही लांबली तरी न हलणारा, बाकीच्या सगळ्या पुराव्याशी जुळणारा. निकष म्हणून तो चुकीचा आहे असं मी म्हणू शकत नाही, एखाद्याला दहा वर्षं आत टाकायचं तर पाया पक्का हवा. पण टाइप करता करता मी नेहमी विचार करायचे की सहा वर्षांपूर्वीच्या माझ्या आयुष्यातल्या कुठल्याही दिवसाबद्दल मी अशी साक्ष देऊ शकेन का.

साक्ष कागदावर कशी उतरते ते बाहेरच्यांना माहीत नसतं, म्हणून सांगते. प्रश्न लिहिला जात नाही. प्रश्न आणि उत्तर मिळून एक वाक्य होतं आणि ते साक्षीदाराच्या तोंडचं म्हणून लिहिलं जातं. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतच होतं, साक्ष सर्वसाधारणपणे निवेदनाच्या रूपात नोंदवायची. वकील विचारतात, "तुम्ही ओरडला नाहीत, बरोबर?" मुलगी खाली बघते. बराच वेळ. मग म्हणते, "कसं ओरडनार जी." वकील म्हणतात, हो का नाही ते सांगा. ती म्हणते, "नाही." मी टाइप करते: 'मी आरडाओरडा केला नाही हे खरे आहे.'

त्या मधल्या गप्प बसण्याला टाइप करायची कळ नसते. त्या दिवशी ती एकदा इतका वेळ गप्प राहिली की साहेबांनी पाणी मागवलं, शिपाई पेला घेऊन आला, तिने तो दोन्ही हातांत धरला आणि प्यायली नाही. माझ्या पडद्यावर कर्सर लुकलुकत होता. साक्षीदाराच्या वागण्याबद्दल शेरा लिहायचा अधिकार न्यायाधीशांना आहे, कायद्यात तसं कलम आहे, पण वापरणारे मी थोडे पाहिले. अपिलात वरचं न्यायालय जे वाचतं ते फक्त हे कागद. 'मी आरडाओरडा केला नाही हे खरे आहे.' वाचून बघा, केवढं बेफिकीर वाटतं ते वाक्य.

आणि जबाब. पोलिस ठाण्यात मुली म्हणतात, "त्याने माझ्यासोबत वाईट काम केलं." हवालदार लिहितो, 'जबरी संभोग केला.' सहा वर्षांनी वकील विचारतात, संभोग हा शब्द तुम्ही पोलिसांना सांगितला होता का? नाही, म्हणते ती. कारण तिने तो शब्द उच्चारलाच नव्हता. झाली विसंगती. मग उलट बाजूने: वाईट काम म्हणजे काय काय केलं ते जबाबात सविस्तर नाही, आज सांगता आहात. झाली वगळणूक. दोन्हीकडून तीच कापली जाते. मी कित्येक साक्षींत हे पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, त्या हवालदाराने तिचेच शब्द जसेच्या तसे लिहिले असते तर निम्मी उलटतपासणी उडाली असती.

तिच्या खटल्यात मात्र यापेक्षा मोठी खिंडारं होती. शेजारच्या काकू, जिला मुलीने त्याच संध्याकाळी पहिल्यांदा सांगितलं होतं, ती फितूर झाली. पिंजऱ्यात आली आणि म्हणाली, मला काही माहीत नाही, पोलिसांनी कोऱ्या कागदावर अंगठा घेतला. तिच्या शेताचं पाणी आरोपीच्या विहिरीवरून यायचं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कुठल्याही कागदावर नव्हतं. पंच फितूर झाले, ते होतातच. वैद्यकीय अहवालात जखम नाही, आणि 'मत रासायनिक विश्लेषकांचा अहवाल येईपर्यंत राखून ठेवले आहे' असं होतं. तो अहवाल आला, पण डॉक्टरचं अंतिम मत कुणी मागितलं नाही आणि डॉक्टरने दिलं नाही. राखून ठेवलेलं मत सहा वर्षं राखलेलंच राहिलं. कपडे धुतलेले होते, त्यामुळे अहवालातही काही नव्हतं. तिसऱ्या दिवसापर्यंत कुठली मुलगी ते कपडे तसे ठेवेल? कुणी तिला सांगितलं होतं का की ठेव म्हणून?

आणि हजेरीपट. आरोपीने दुसऱ्या तालुक्यातल्या एका कामावरचा हजेरीपट दाखल केला, त्यात त्या दिवशीची त्याची सही होती. ती सही त्याच दिवशीची की मागाहून केलेली, कामावरून कितीला निघाला, तिथून गाव किती लांब, पोलिसांनी काही तपासलं नाही. मोबाइलचे तपशील मागवायला इतका उशीर केला की कंपनीकडे ते उरले नव्हते. सरकारी वकील हुशार होते, पण त्यांच्या हातात कागदच नव्हता. हजेरीपट खोटा आहे असं नुसतं म्हणून चालत नाही.

त्या कागदांवर मी न्यायाधीश असते तर मीही शिक्षा दिली नसती. हे लिहायला मला जड जातं आहे, पण हेच खरं आहे. मुलगी खरं बोलत होती असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. आणि तरी वाजवी संशय तिथे होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी माझ्या मनात होत्या आणि त्यातली एक दुसरीला पुसत नव्हती.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत, ज्या बलात्काराच्या खटल्यांचा न्यायालयात निकाल लागला त्यांत शिक्षा झाल्याचं प्रमाण २७.४ टक्के होतं. लोक हा आकडा दोन्ही बाजूंनी वापरतात. एक म्हणतात, बघा, बाकीच्या खोट्या केसेस. दुसरे म्हणतात, बघा, न्यायालयं आरोपींच्या बाजूची. मला त्या उरलेल्या खटल्यांत दिसतात ती राखून ठेवलेली मतं, न तपासलेले हजेरीपट आणि विहिरीच्या पाण्यावर जगणाऱ्या काकू. खोट्या केसेसही असतात, आणि लग्नाचं वचन मोडल्यावर घातलेले, कुठल्याच चौकटीत नीट न बसणारे खटलेही असतात. पण तो आकडा वेगळं काही सांगत नाही. तो फक्त सांगतो की इतक्या वेळा सिद्ध झालं नाही.

तपासणीचं म्हणाल तर आपल्याच विदर्भात सेवाग्रामच्या डॉक्टरांनी यावर मोठं काम केलं. बलात्कारपीडितांची वैद्यकीय तपासणी किती ढिसाळ होते याचा अहवाल त्यांनी तयार केला आणि प्रकरण जनहित याचिकेतून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं. मला ते समजलं तेव्हा मी एकटीच टाइप करता करता चिडत नाही, असं वाटून धीर आला होता. बाईला आधीपासून शरीरसंबंधांची सवय आहे का हे योनीत बोटं घालून ठरवणारी 'दोन बोटांची' ती लाजिरवाणी तपासणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये चुकीची ठरवली आणि तरी २०२२ मध्ये पुन्हा सांगावं लागलं की ती करणाऱ्यावर गैरवर्तनाची कारवाई होईल. 'सवय असल्याचे दिसते' हे शब्द असलेले अहवाल मी स्वतः निशाणी क्रमांक टाकून फायलीत लावले आहेत.

सुटकेच्या निकालात लिहिलेला एकेक शब्द किती काळ टिकतो, हे आमच्या भागाला माहीत आहे. देसाईगंज, ज्याला आम्ही वडसा म्हणतो, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आता गडचिरोलीत. २६ मार्च १९७२ च्या रात्री तिथल्या पोलिस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला झाला. तिचं नाव साऱ्या देशाला पाठ आहे, कायद्याच्या पुस्तकांत आहे, मी इथे लिहीत नाही. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं. १९७६ मध्ये नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला आणि शिक्षा दिली. भीतीपोटी मुकाट राहणं आणि संमती देणं यात फरक आहे, असं उच्च न्यायालयाने म्हटलं. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराची खूण नाही, म्हणजे जे झालं ते शांतपणे झालं, असा त्याचा सूर होता.

मला त्या प्रकरणात सर्वांत जास्त टोचतं ते सत्र न्यायालयाचं. तिथे नुसतं 'शाबीत झालं नाही' म्हणून थांबले नाहीत. मुलीला धडधडीत खोटारडी म्हटलं, तिच्या आधीच्या संबंधांवर बोललं गेलं. पुरावा पुरेसा वाटला नसेल तर ते एका ओळीत लिहिता आलं असतं. तिसरा कप्पा कायद्याने दिलेला होता. त्यांनी तिला दुसऱ्यात टाकलं.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायद्याच्या जाणकारांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात संबंध सिद्ध झाला आणि बाई म्हणाली की माझी संमती नव्हती, तर न्यायालयाने ती नव्हती असं धरून चालायचं. सुनावणी बंद दाराआड. पीडितेचं नाव छापायचं नाही. २०१३ मध्ये आणखी स्पष्ट झालं: केवळ प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं मानता येणार नाही. आमच्या खटल्यातल्या मुलीला हे कलम लागू नव्हतं, तिची घटना २०११ ची. आणि वडशाच्या मुलीला तर तिच्यामुळे बदललेल्या कायद्यातलं काहीच मिळालं नाही. तिच्या खटल्यातली ती सुटका तशीच राहिली. मी बंद दाराआड बसून 'पीडिता' एवढंच टाइप करत असे, नाव नाही, गाव नाही, तेव्हा कधी कधी मनात यायचं की ही सोय कुणामुळे झाली.

तर त्या निकालाची संध्याकाळ. कोर्ट उठलं होतं, साहेब चेंबरमध्ये सांगत होते आणि मी टाइप करत होते. साहेब सावकाश सांगायचे, एकेक स्वल्पविराम सांगायचे. हजेरीपट झाला, काकू झाली, वैद्यकीय पुरावा झाला. 'सबब आरोपी संशयाचा फायदा मिळण्यास पात्र आहे' इथवर आलो. आता आदेश, असं समजून मी नवं पान घेतलं. साहेब थांबले. चष्मा काढला, डोळे चोळले. मग म्हणाले, "मॅडम, मागच्या पानावर या. एक परिच्छेद घाला." आणि सांगितलं: 'पीडितेने दिलेली साक्ष खोटी आहे असा निष्कर्ष हे न्यायालय काढत नाही. तपासातील त्रुटींमुळे तिच्या कथनाची पडताळणी होऊ शकली नाही, व त्याचा फायदा कायद्याने आरोपीस द्यावा लागतो.' परिच्छेद ४१. मी टाइप केला, वाचून दाखवला. ते म्हणाले, असूद्या.

दुसऱ्या दिवशी निकाल खुल्या न्यायालयात वाचला. वाचतात तो फक्त आदेश. आरोपीची भा.दं.वि. कलम ३७६ अन्वये शिक्षापात्र गुन्ह्यातून निर्दोष मुक्तता करण्यात येते. बाहेर कुणीतरी फटाके आणलेच होते, पोलिसाने लावू दिले नाहीत. व्हरांड्यात मुलीची आई माझ्यासमोर आली. मला ती फक्त येता-जाता बघून ओळखत होती. म्हणाली, "मॅडम, सुटला म्हनजे माही पोरगी लबाड ठरली काय जी?"

कर्मचाऱ्याने पक्षकाराशी निकालाबद्दल बोलू नये. मी ते नेहमी पाळलं आहे. त्या दिवशी मी तिला म्हटलं, "नक्कल काढा. एकेचाळीस नंबरचा परिच्छेद वाचून घ्या कुणाकडून तरी. आणि सरकारी वकिलांना भेटा, अपिलाचं विचारा." एवढंच. २००९ च्या दुरुस्तीपासून सुटकेविरुद्ध अपील करायचा हक्क पीडितेलाही आहे, सरकारची वाट बघावी लागत नाही. आणि आरोपी सुटला तरी पीडितेच्या पुनर्वसनासाठी भरपाईची शिफारस करता येते, असं जुन्या संहितेच्या ३५७-अ मध्ये स्पष्ट लिहिलं होतं, नव्यातही आहे. मी भाचीला हे सांगायला हवं होतं. आरोपी सुटला म्हणजे बाई खोटी, असं कायद्याला वाटत असतं, तर सुटकेनंतर तिला भरपाई द्यायची सोय त्याने कशाला केली असती?

अपील त्यांनी केलं नाही. नवऱ्याच्या घरचे नको म्हणाले, असं नंतर कळलं.

पण ती एकदा आली. दीड-दोन महिने झाले असतील. एकटी. नकलेचं पाकीट पिशवीत होतं, कागद एका पानावर दुमडलेले, कोणतं पान ते मला दिसत होतं. तिने त्याबद्दल काही विचारलं नाही. विचारलं ते वेगळंच. तिचा ड्रेस परत मिळेल का?

निकालाच्या शेवटी एक ओळ असते, ती प्रत्येक निकालात असते म्हणून मी ती न बघता टाइप करत असे. 'मुद्देमाल मूल्यहीन असल्याने अपिलाची मुदत संपल्यानंतर नष्ट करण्यात यावा.' तिच्या निकालातही होती. परिच्छेद ४१ नंतर पाचेक मिनिटांत मीच टाइप केली होती.

तो ड्रेस तिने क्लासमध्ये शिवलेला पहिला होता. मापं स्वतःची, कापड आईने घेऊन दिलेलं.

मी तिला अर्ज कसा करायचा ते सांगितलं, सरकारी वकिलांनी 'हरकत नाही' लिहिलं, साहेबांनी त्याच दिवशी आदेश केला. मालखान्यातून पुडा आला. तपकिरी कागद, सुतळी, तडकलेली लाख, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी. ज्या पंचांनी आम्ही तिथे नव्हतोच म्हणून सांगितलं होतं, त्यांच्याच सह्या. तिने रजिस्टरवर सही केली आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून पुडा सोडला. सुतळी तोडली नाही, गाठ सोडवली. निळ्या रंगाचा होता, फिका पडलेला. मागच्या बाजूला प्रयोगशाळेत तपासणीसाठी कापून घेतलेला चौकोन होता. तिने त्यात अंगठा आणि तर्जनी ताणून माप घेतलं, जसं शिवणारी बाई घेते तसं. कापड बोटांत चोळून पाहिलं. मग घडी घालून पिशवीत ठेवलं आणि मला विचारलं, चार वाजताची गाडी कुठून लागते.